अण्णांची तीन, काकूंची पाच

माझ्या नवऱ्याचे नवे साहेब चहाला आले होते. समोरचे अण्णा साठे सहज डोकावले, हात जोडून म्हणाले, "मी साठे. रक्तदाब, मधुमेह आणि प्रोस्टेट." साहेब गडबडले आणि त्यांनी आपलं पित्त सांगून टाकलं.

"नवशिके आहात," अण्णा म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

कसबा पेठेत आमची दारं समोरासमोर. अण्णा खडकीच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्तीनंतर स्टोअर गेलं, शिस्त राहिली. तीन आजार, तीन रंगांच्या फायली. सकाळी जिन्यात "बरं आहे ना?" विचारलं की म्हणायचे, "कशाबद्दल विचारताय? तिन्हींचं वेगवेगळं आहे." भाजीवाली तर त्यांची साखर ऐकल्याशिवाय कोथिंबिरीचा भाव सांगायची नाही.

सुशीलाकाकू मागून पाणी आणि गोळी घेऊन यायच्या. त्यांची तब्येत विचारली तर उत्तर अण्णाच देत, "हिला काही होत नाही. बायकांचं मशीन मजबूत." काकू कठडा धरून एकेक पायरी तिरक्या उतरायच्या. आम्ही सगळे ते वर्षानुवर्षं बघत होतो आणि कुणाला त्यात काही वाटत नव्हतं. मलाही नाही.

मग चौकात नव्या डॉक्टरीणबाई आल्या. अण्णांना नवा श्रोता मिळाला. माझं खोकल्याचं औषध घ्यायचं होतं, म्हणून मीही त्यांच्याबरोबर गेले. वीस मिनिटं अण्णा बोलत होते आणि काकू मांडीवर फायली घेऊन बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी मधेच विचारलं, "आजी, मघाशी बसताना तोंड वाकडं का केलंत?"

"काही नाही. जरा गुडघा."

"कधीपासून?"

"धाकटीच्या लग्नापासून."

धाकटीची मुलगी आता कॉलेजात होती.

"इकडे या," बाई म्हणाल्या. अण्णा म्हणाले, "माझं अजून प्रोस्टेट राहिलंय." बाई म्हणाल्या, "थांबेल ते."

आठ दिवसांनी काकूंचे रिपोर्ट आले. रक्तदाब, साखर, थायरॉइड, संधिवात आणि ठिसूळ हाडं.

"पाच?" जिन्यात अण्णांचा आवाज चढला. "माझ्यापेक्षा दोन जास्त, आणि मला न सांगता?"

"सांगायला तुम्ही श्वास कधी घेतलात?" काकू म्हणाल्या आणि तिरक्या चालत वर गेल्या.

दोन दिवस अण्णा कुणाशी बोलले नाहीत. भाजीवालीने माझ्याकडे चौकशी केली, "आजोबा गावाला गेलेत का?"

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. हातात कुकर.

"ताई, वरणाला शिट्ट्या किती?"

मला हसू आवरेना. अण्णा हसले नाहीत. कुकरचं झाकण उगाच फिरवत राहिले.

"मी आधी जाणार, हे धरूनच चाललो होतो," ते म्हणाले. "आमच्या घरात सगळे पुरुष बायकांच्या आधी गेले. मागे राहायची वेळ येईल असं वाटलंच नाही, म्हणून काही शिकलो नाही. आता पाच म्हणजे... हिने फार वेळ उभं राहायचं नाही म्हणे. तर किती?"

"चार," मी म्हटलं.

त्या दिवशी पेठेने अकरा शिट्ट्या मोजल्या. बाराव्या शिट्टीच्या आत मी धावत जाऊन गॅस बंद केला. काकू खुर्चीत बसल्या होत्या, पाय पाटावर. स्वयंपाकघरात जायला त्यांना मनाई होती. अण्णांनी वाटीत वरण वाढलं आणि समोर उभे राहिले, तपासणीला साहेब आल्यासारखे.

काकूंनी एक घोट घेतला.

"मीठ विसरलात."

"विसरलो नाही. तुला बीपी आहे."

काकूंनी वरण संपवलं, पदराने डोळे पुसले आणि रिकामी वाटी पुढे केली.