कारखानदारांच्या डोक्यावर पडणारं दार

"गुन्हेगारांच्या जगात माझं नाव कुणी उच्चारत नाही," महागुप्तहेर म्हणाले. "धसकाच तसा घेतलाय. गंध, ठसा आणि नजर या तिन्ही शास्त्रांत मी पारंगत आहे. नुसत्या चपलेवरून मी माणसाच्या आजोबांचा धंदा सांगतो. तुमचे आजोबा खलाशी होते."

"शिंपी होते," कारखानदार म्हणाले.

"मग मनातून खलाशी असणार. हे लिहून घे रे."

शेवटचं वाक्य मेहुण्याला होतं. मेहुणा म्हणजे महागुप्तहेरांच्या बायकोचा धाकटा भाऊ. 'तू सोबत असलास म्हणजे हे कुठे मार खाऊन तरी येणार नाहीत,' असं म्हणून बहिणीने त्याला सहायक म्हणून मागे लावून दिलं होतं. आपल्या भावोजींचं नाव गुन्हेगार उच्चारत नाहीत याला ते त्यांना ठाऊकच नसणं हेही एक कारण असू शकतं, असं त्याला बरेच दिवस वाटत होतं. पण तो वही उघडून बसला आणि त्याने 'मनातून खलाशी' असं निमूटपणे लिहिलं.

कारखानदार बाटल्यांची झाकणं बनवत. झाकणांवर त्यांनी एवढं कमावलं होतं, की आठ वर्षांपूर्वी त्यांनी डाळिंबी रंगाची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार घेतली. तिची दारं सरळ माणसांच्या गाड्यांसारखी बाजूला उघडत नसत. कोंबड्याने पंख उचलावेत तशी वर जात. कारखानदारांचं पोट त्या दाराखालून आत नेणं हे रोजचं एक काम होतं आणि बावीस वर्षं नोकरीत असलेला त्यांचा ड्रायव्हर ते सांभाळत असे. गाडी मात्र कारखानदार स्वतः चालवत. ड्रायव्हर शेजारी बसून कुठे वळायचं ते सांगत असे.

आता त्या गाडीने मालकावर हल्ले सुरू केले होते. पहिल्यांदा डिकीचं झाकण हातावर आदळलं. मग दार डोक्यात बसलं. परवा पुन्हा दार बसलं आणि कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं.

"तिन्ही वेळा रविवार होता," कारखानदार कपाळ चाचपत म्हणाले. "रविवारी या ड्रायव्हरची सुटी असते. हा हजर असला की दाराला काही होत नाही. हा नसला की दार माझ्या जिवावर उठतं. बारा वाजेपर्यंत मला सोक्षमोक्ष पाहिजे. यानेच काही करून ठेवलं असेल तर याची नोकरी आज संपली. आणि शहरात याला दुसरं कुणी दारात उभं करणार नाही, याची व्यवस्था मी करीन."

ड्रायव्हर गाडीपाशी उभा होता. पन्नाशी उलटलेला, टक्कल पडलेला माणूस. त्याने बोलायला तोंड उघडलं तेव्हा महागुप्तहेरांनी एक बोट वर केलं. "आरोपीने शेवटी बोलायचं असतं," ते म्हणाले.

त्यानंतरचे दोन तास मेहुणा लिहीत होता. पहिला सिद्धांत असा, की दुसऱ्या एका झाकणवाल्याने ईर्ष्येपोटी गच्चीवरून चुंबक लावून दार ओढलं. त्यासाठी महागुप्तहेर होकायंत्र घेऊन अंगणभर हिंडले आणि सुई सारखी एकाच दिशेला राहते हे पाहून फार अस्वस्थ झाले. ती उत्तर दिशा होती. दुसऱ्या सिद्धांतात एक मांजर होतं. डिकीवर पंजे उमटले होते, म्हणून महागुप्तहेरांनी मांजराचं वजन अंदाजाने चौदा किलो धरलं. मांजर समोर आलं तेव्हा ते साबणाच्या दोन वड्यांएवढं निघालं. वहीत 'मांजर वजन लपवत आहे' अशी नोंद झाली.

मग त्यांना दाराच्या आतल्या बाजूला एक बारीक, चकचकीत दांडा दिसला. दाराला वर तोलून धरणारा. त्याच्यावर तेलाचा काळपट ओघळ होता.

"केसांचं तेल," महागुप्तहेर वास घेऊन म्हणाले.

"भावोजी, ड्रायव्हरला केस नाहीत," मेहुणा म्हणाला.

"म्हणूनच. डोक्याला लागत नाही ते तेल कुठेतरी जाणारच."

कारखानदारांनी मान डोलावली. एवढी झाकणं विकलेल्या माणसाने या वाक्याला मान डोलावली, हे पाहून मेहुण्याच्या मनातून श्रीमंतीबद्दलचा आदर कायमचा उतरला. पण 'ड्रायव्हर दोषी' हे शब्द त्याच्याच अक्षरात वहीत उतरत होते आणि त्याची त्याला लाज वाटली.

"प्रात्यक्षिक," महागुप्तहेर म्हणाले. "दार उघड."

ड्रायव्हरने दार वर नेलं आणि हाताने धरून ठेवलं.

"हात काढ."

"साहेब, मी हात काढला तर..."

"काढ म्हणतो ना."

ड्रायव्हरने हात काढला. दार क्षणभर विचार करत राहिलं आणि धाडकन खाली आलं. महागुप्तहेर खाली वाकले होते, त्यामुळे ते त्यांच्या पाठीत बसलं. ते कळवळले, पण विजयाने त्यांचा चेहरा फुलला.

"पाहिलंत?" ते ओणव्यानेच म्हणाले. "याने हात काढताच हल्ला झाला. म्हणजे सगळी सूत्रं याच्याच हातात आहेत."

"तर मग संपलं," कारखानदार ड्रायव्हरला म्हणाले. "गाडीची किल्ली ठेव आणि नीघ."

"कसली सूत्रं?" मागून आवाज आला. स्वयंपाकाच्या मावशी चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या. "दांडे गेलेत त्या दाराचे. माझ्या ओट्यावरच्या कपाटाचंही तसंच झालं होतं. झापड वर राहीना, सारखी माझ्या डोक्यात. दांड्यात भरलेला गॅस संपतो हो, जुनं झालं की. सुताराने दोन नवे दांडे बसवले, मिटलं काम."

मावशींनी ट्रे गाडीच्या टपावर ठेवला.

"आणि खिडकीतून मला रोज दिसतं ना," मावशी म्हणाल्या. "दोन महिने झाले, हे भाऊ ते दार खांद्यावर धरून उभे असतात, साहेब आत बसेपर्यंत. रविवारी कोण धरणार?"

कारखानदार ड्रायव्हरकडे वळले. "मग मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं होतं, साहेब. दोनदा. तुम्ही म्हणालात, एवढ्या महागड्या गाडीचं काही बिघडत नसतं."

"माझा चौथा सिद्धांत हाच होता," महागुप्तहेर पाठ चोळत म्हणाले.

दुपारी नवे दांडे आले. दोन्ही दारांचे आणि डिकीचे. एकच बदलून भागत नाही, ड्रायव्हर म्हणाला, नाहीतर जुना नव्यावर सगळा भार टाकतो. गॅरेजचा माणूस उद्या येणार होता, पण ड्रायव्हरनेच स्क्रूड्रायव्हर घेतला. दांडा काढला की दार खाली येणार, म्हणून कुणीतरी ते धरायला हवं होतं. महागुप्तहेरांची पाठ दुखत होती आणि कारखानदारांना कसलासा फोन आला. मेहुणा दाराखाली गेला.

दार खांद्यावर आलं. टोकाची कड हाडात रुतत होती. दोन मिनिटांत मान अवघडली आणि घाम डोळ्यांत आला. दोन महिने हा माणूस रोज असा उभा राहिला आणि आज सकाळी मी याला दोषी लिहिलं, हे त्याच्या मनात आलं आणि त्याला फार वाईट वाटलं. "माफ करा," तो म्हणाला. ड्रायव्हरने तोंडात धरलेली दांड्याची क्लिप काढून बसवली आणि तो म्हणाला, "थोडं वर घ्या."

काम संपलं. ड्रायव्हरने एका बोटाने दार ढकललं. ते अलगद वर गेलं आणि तिथेच राहिलं. कारखानदार फोन ठेवून आले, दाराखाली उभे राहिले आणि वर पाहून समाधानाने म्हणाले, "छान. उद्या आठ वाजता ये."

ड्रायव्हरने किल्ली सीटवर ठेवली.

"आता ते बोटाने उघडतं, साहेब," तो म्हणाला. "खाली माणूस लागत नाही."

तो हात पुसत फाटकाकडे चालू लागला. कारखानदारांना आधी काही समजलंच नाही. मग समजलं, आणि एवढ्या मोठ्या अंगणात त्यांना हाक मारायला ड्रायव्हरचं नाव आठवेना.

"पळाला," महागुप्तहेर समाधानाने म्हणाले. "लिही. आरोपी फरार."

मेहुण्याने वही मिटली आणि पेनासकट त्यांच्या हातात दिली.

"तुम्हीच लिहा, भावोजी," तो म्हणाला आणि ड्रायव्हरला गाठायला भरभर निघाला.