कंपनीचं पत्र

वेंडेलला आजोबांकडून मिळालेल्या रिव्हॉल्वरची नळी साडेतीन इंचांची होती, आणि सगळी भानगड तिथेच होती. एवढी आखूड नळी कारखान्यातूनच आली असेल तर रिव्हॉल्वर लाखात एक. घरी करवतीने कापलेली असेल तर भंगार. ओक्लाहोमात आमच्या पणजोबांच्या पिढीने रिव्हॉल्वर खिशात मावावी म्हणून किती नळ्या कापल्या, त्याला गणती नाही.

"कापलेलीच आहे ती," शेजारचा हार्लन जुन्या बंदुका जमवणाऱ्यांच्या क्लबात चारचौघांदेखत म्हणायचा. "तुझ्या आजोबांच्या हातात करवत दिसली की शेजारी आपली कुंपणं मोजून ठेवायचे."

शेवटी वेंडेलने रिव्हॉल्वर बनवणाऱ्या कंपनीला तिचा नंबर कळवला. तिथले लोक जुन्या वह्या बघून माल मुळात कसा होता ते लेखी देतात, पण सवडीने. पाच महिने उत्तर नाही, आणि क्लबाचं वार्षिक प्रदर्शन तोंडावर आलेलं. वीस वर्षांत वेंडेलला तिथे एकदाही बक्षीस मिळालं नव्हतं. यंदा निदान हसं तरी नको, म्हणून त्याने आखूड नळी काढून गॅरेजमध्ये टाकली आणि जुनीच, पण साडेसात इंची बसवून घेतली.

प्रदर्शनाला दोन दिवस उरले असताना पत्र आलं. नळी, मूळची, साडेतीन इंच. अशा मोजक्याच बनल्या होत्या. वेंडेल पत्र घेऊन थेट स्वयंपाकघरात गेला.

"ओपल, गॅरेजमधला तो नळीचा तुकडा कुठाय?"

"तूच भंगार म्हणालास ना?" बायको पीठ मळता मळता म्हणाली. "चर्चच्या विक्रीसाठी वाऱ्यावर वाजणारं झुंबर केलं मी त्याचं. हार्लनच्या बायकोने नेलं."

वेंडेल घरातल्या सपाता घालूनच धावला. हार्लनच्या ओसरीवर जुन्या चमच्यांच्या मधोमध त्याची नळी किणकिणत होती.

हार्लनने पत्र दोनदा वाचलं. मग स्टूल आणलं, झुंबर उतरवलं आणि नळी सोडवून वेंडेलच्या हातात ठेवली.

"घे. चुकलो मी. बक्षीस तुझंच."

वीस वर्षांत हार्लन असं कधी बोलला नव्हता. वेंडेलचे डोळे भरून आले. त्याने नळी मायेने पुसली, फिरवली, आणि त्याचा हात थांबला. दोरी ओवायला ओपलने नळीला आडवं आरपार भोक पाडलं होतं. अगदी सुबक.

हार्लनने वाकून भोकातून पलीकडचं अंगण पाहिलं.

"कंपनीला अजून एक पत्र टाक," तो म्हणाला. "हेही कारखान्यातलंच असेल."