सातव्या चौकटीतला लाल टॅग

शुक्रवारच्या पुरवणीत वसंत ऋतूसाठी महिलांचे सात परवडणारे ट्रेंड द्यायचे होते आणि माझ्याकडे सहाच होते. आमचा मांडणीकार पानावर सात चौकटी आखून रजेवर गेला होता. चौकट कमी करण्याचा अधिकार फक्त त्याला होता. रजेवरच्या माणसाला फोन करू नये असा आमच्याकडे नियम होता. तोही त्यानेच केला होता.

महिलांच्या फॅशनचं पान माझ्याकडे कसं आलं, हा प्रश्न रास्त आहे. मुलाखतीत मला विचारलं होतं, "बायकांच्या कपड्यांचा काही अनुभव?" मी म्हणालो, "घरात कपाट एकच आहे आणि मला मोठी बहीण आहे." तेवढं पुरलं.

माझे सहा ट्रेंड असे होते. फिके रंग. मागच्या वर्षीचा स्कार्फ कमरेला पट्ट्यासारखा. मागच्या वर्षीचा पट्टा गळ्यात स्कार्फसारखा. मोठी कानातली. एकाच कानात कानातलं, म्हणजे ज्यांचं दुसरं हरवलंय त्यांची सोय. आणि कापडी पिशवी, जिला आमच्या पानावर 'टोट' म्हणावं लागतं, नाहीतर ती पिशवी वाटते.

"सातवा?" संपादिकाबाईंनी विचारलं.

"साधेपणा."

"साधेपणाचा फोटो काढता येतो का?"

"नाही."

"मग तो ट्रेंड नाही. तीनपर्यंत दे. आणि परवडणारा दे. आपल्या वाचकांना परवडणारा म्हणजे…" त्यांनी स्वतःच्या पर्सकडे पाहिलं आणि ती पायाने टेबलाखाली सरकवली. "म्हणजे तुला कळलंच."

ताईचं ऑफिस आमच्या समोरच्या इमारतीत आहे. दुपारी आम्ही तिच्या टेबलावर डबा खातो. ताई आवक-जावक विभागात आठ वर्षांपासून तात्पुरती आहे. तिच्यानंतर आलेला पाण्याचा कूलर सहा महिन्यांत कायम झाला. ताईला कायम करण्याची फाईल मात्र आठ वर्षांत एकशे चौदा पानांची झाली होती आणि आता तिच्यावर एकच सही बाकी होती, मोठ्या साहेबांची. मोठे साहेब महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. नवीन साहेब आले की फाईल पुन्हा पान एकपासून वाचली जाणार, हेही ठरलेलं होतं.

इथे टॅगबद्दल सांगायला हवं. टॅग म्हणजे फाईलचे कागद ओवून बांधायची दोरी, दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या असलेली. टॅग नसलेली फाईल टेबलावरून हलवायची नाही, असा त्यांचा नियम. आणि टॅग लाल असेल तर फाईल तातडीची. मोठ्या साहेबांना अलीकडे अक्षरं नीट दिसत नसल्यामुळे ते फक्त रंग बघून सही करत. ताईने लाल टॅग मिळवायला चार महिने घालवले होते.

त्या गुरुवारी मी गेलो तेव्हा ताईच्या डब्याखाली तिची फाईल सुटी पडली होती आणि टॅग तिच्या केसांत होता.

"लिफ्टच्या दारात क्लिप तुटली," ती म्हणाली. "केस सारखे तोंडावर येत होते. हाताला हाच लागला."

"तुझ्याच फाईलचा काढलास?"

"मग काय दुसऱ्याच्या फाईलचा काढू? माणुसकी आहे का नाही? उद्या येताना क्लिप घेते आणि हा परत बांधते."

ती पाठमोरी होऊन पाणी घ्यायला गेली. वेणीच्या बुडाशी लाल दोरी, खाली लोंबणाऱ्या दोन पत्र्याच्या टोप्या, चालताना टकटक वाजणाऱ्या. मी फोटो काढला. तीन वाजायला दहा मिनिटं होती. चौकटीत मी लिहिलं: 'ट्रेंड सातवा, लाल टॅग. साधा, तातडीचा आणि सर्वांत परवडणारा. मिळण्याचं ठिकाण: कोणतंही कार्यालय.'

मला एवढंच म्हणायचं आहे की त्या क्षणी चौकट भरली होती.

शुक्रवारी ताईची क्लिप घ्यायची राहून गेली, म्हणून ती टॅग लावूनच ऑफिसला गेली. दारात भांडारपाल आमची पुरवणी घेऊन उभा होता. हा माणूस ऑफिसातल्या टाचण्या मोजतो आणि त्याला त्यात आनंद मिळतो.

"हा टॅग आपला," तो म्हणाला.

"आपलाच आहे. आत्ता सोडते, फाईलला बांधते."

"हात लावू नका! शासकीय वस्तू नोंदवहीनुसार जिथे असायला हवी तिथे नाही. आता तपासणी होईपर्यंत ती जिथे आहे तिथेच राहील."

"अहो, माझे केस आहेत ते!"

"केस तुमचेच आहेत. केसांबद्दल कार्यालयाची काही तक्रार नाही."

आणि त्याने गाठीवर कागदाचं सील चिकटवलं.

तिकडे ट्रेंड चालला. उरलेल्या सहांना कुणी विचारलं नाही. सोमवारी दोन बायकांच्या केसांत लाल टॅग दिसला, बुधवारी बसथांब्यावर मी चौदा मोजले. स्टेशनरीची दुकानं रिकामी झाली. त्यानंतर कळलं की दुकानातला कोरा टॅग लावणं हे हलकं समजतात. खरा टॅग म्हणजे वापरलेला. टोपी गंजलेली हवी, दोरीचा रंग उडालेला हवा आणि तिला फाईलचा वास हवा. मग बायका कामाच्या निमित्ताने ऑफिसांत जाऊ लागल्या आणि काम न करता, पण आनंदाने, बाहेर येऊ लागल्या.

मी लिफ्टमध्ये माझ्या कानांनी ऐकलं आहे.

"अगं, किती गोड! कशाचा गं?"

"घटस्फोटाचा. चौथं वर्ष."

"तुझा?"

"छे गं, माझं कुठलं एवढं नशीब! बाजूच्या टेबलावर होती फाईल."

"माझा साधाच आहे बाई. नळजोडणीचा."

तिने ते मान खाली घालून सांगितलं.

दुसऱ्या आठवड्यात बुटिकवाल्यांनी दाखल्यासह टॅग विकायला काढले. जमिनीच्या दाव्याचा, तीन पिढ्या चाललेला, काचेच्या पेटीत. आमच्या संपादिकाबाईंनी तो घेतला. 'परवडणारे' हा शब्द त्यानंतर पानाच्या शीर्षकातून गेला.

ऑफिसांमध्ये फायली सुट्या झाल्या. पंखा लावला की प्रकरणं एकमेकांत मिसळत. पंखे बंद ठेवण्याचं परिपत्रक निघालं, पण तेही सुटंच होतं आणि उडालं. एका निवृत्त शिक्षकांना पेन्शनऐवजी पोहण्याचा तलाव चालवण्याचा परवाना मिळाला. ते दोन दिवस भांडले आणि तिसऱ्या दिवशी शिट्टी विकत घेतली.

या सगळ्यात ताई केस न धुता, सील सांभाळत, मान ताठ ठेवून वावरत होती. तपासणी अधिकारी आला नाही, कारण त्याच्या दौऱ्याची फाईल सुटी होती. घरी ती माझ्याशी बोलायची नाही. आईमार्फत बोलायची.

"आई, त्याला सांग, माझी नोकरी गेली तर मी त्याच्या सातव्या चौकटीत राहायला जाणार आहे."

आई म्हणाली, "तो ऐकतोय गं." आणि मग माझ्याकडे वळून हळूच, "मला एखादा जुनासा मिळेल का रे?"

महिनाअखेर उजाडली. दुपारी चार वाजले. मोठे साहेब निरोपाच्या खुर्चीत बसले होते आणि सहीसाठी पेन उघडं होतं. ताईच्या विभागाच्या हेडक्लार्कना सगळे काका म्हणतात. काकांनी चाळीस वर्षांत एकही नियम मोडलेला नाही आणि एकही काम अडवलेलं नाही, असं ते स्वतः सांगतात. त्यांनी डोळे मिटून विचार केला.

"टॅग फाईलकडे जाऊ शकत नाही. बरोबर?"

"बरोबर," भांडारपाल म्हणाला.

"फाईल टॅगकडे जाऊ शकते?"

भांडारपालाने नोंदवही चाळली. मनाई कुठे नव्हती. टॅगची टोकं सीलच्या बाहेर मोकळी लोंबत होतीच. काकांनी एकशे चौदा कागद त्यांत ओवले, टोप्या अडकवल्या आणि ताईच्या पाठीवर फाईल सरळ केली. वजनाने ताईची हनुवटी वर गेली. ती पहिल्यांदाच अधिकारी दिसत होती.

मी दारातून बघत होतो. ताई उलट्या पावलांनी साहेबांच्या खोलीत शिरली आणि टेबलाशी पाठ लावून थांबली.

"लाल!" साहेब खूश झाले. "तातडीचं दिसतंय." त्यांनी पान उलटलं. "थोडं खाली व्हा. हां. कुणाला कायम करायचंय?"

"मला, साहेब," ताई भिंतीकडे बघत म्हणाली.

"अर्जदार समक्ष हजर आहे का? शेवटच्या सहीला समक्ष लागतो."

"हजर आहे ना. मीच."

"मग समोर या."

ताई वळली.

"हां, हजर आहे. आता फाईल कुठे गेली?"

ताई परत वळली.

"फाईल आली. अर्जदार?"

हे वीस मिनिटं चाललं. ताई भोवऱ्यासारखी फिरत होती आणि पान एकोणसत्तर वाऱ्याने उघडं पडत होतं. शेवटी तिने पर्समधून छोटा आरसा काढला आणि डोक्याच्या वर धरला. "साहेब, आता दोन्ही दिसतंय बघा."

साहेबांनी आरशात निरखून पाहिलं. "आहात खऱ्या. पण ही तुमची प्रत झाली. साक्षांकित केलीय का?"

काका शिक्का आणायला धावले. ते आरशावर शिक्का मारून परत येईपर्यंत पाच वाजले होते. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं आणि आयुष्यातला शेवटचा शेरा तोंडीच दिला: "फाईल व अर्जदार एकाच वेळी उपलब्ध होत नाहीत. परत."

ताई जिन्यात बसली, भिंतीपासून वीतभर पुढे सरकून, कारण टेकायला गेलं तर आठ वर्षं चुरगळत होती. ती रडली नाही. तिने मला एवढंच विचारलं, "सहाच लिहिले असतेस तर काय झालं असतं?" मी चौकटीचं सांगणार होतो. त्याऐवजी तिच्या पाठीवरचे कागद सरळ केले.

सोमवारी नवीन साहेब आल्या. त्या बाई होत्या, तरुण होत्या आणि त्यांच्या केसांत लाल टॅग होता, चांगला गंजलेला. त्यांनी सगळ्या विभागांतून फेरी मारली आणि ताईच्या मागे येऊन थांबल्या.

"अय्या! हे काय?"

"फाईल आहे, मॅडम."

"म्हणजे टॅगबरोबर कागदसुद्धा? हे आलंय का आता?" त्यांनी स्वतःच्या रिकाम्या टॅगला हात लावला आणि त्यांचा चेहरा पडला. "कुठे मिळालं?"

ताई आठ वर्षं आवक-जावकमध्ये होती. तिथे माणूस दुसरं काही नाही तरी गरज ओळखायला शिकतो.

"मिळत नाही, मॅडम, बनतं. पण तुम्हाला आत्ता देऊन उपयोग नाही. शेवटच्या पानावर सही नाहीये ना, म्हणजे अर्धवट आहे. बिनसहीची कुणी घालत नाही."

"एवढंच ना? वळा."

"अर्जदार समक्ष…" काका म्हणाले.

"अहो काका, कोण अर्जदार? मी केसांना लावायची वस्तू पूर्ण करतेय." आणि बाईसाहेबांनी ताईच्या पाठीवर फाईल टेकवून सही केली. काकांनी चष्मा पुसला. भांडारपालाने नोंदवहीत 'दागिना, एक' असं लिहिलं, सील काढलं आणि टॅग एका वेणीतून दुसऱ्या वेणीत हस्तांतरित केल्याची पावती फाडली.

ताई कायम झाली. तिच्या आदेशाची मूळ प्रत बाईसाहेबांच्या पाठीवर असते. हजेरीची पडताळणी करायची झाली की बाईसाहेब येऊन वळतात. त्या रजेवर गेल्या तर ताई तेवढे दिवस तात्पुरती असते, पण त्या रजा घेत नाहीत, कारण कागद बघायला ऑफिसातच माणसं असतात.

आता माझी अडचण अशी आहे की वसंत संपत आला. संपादिकाबाईंना उन्हाळ्याचे सात ट्रेंड हवे आहेत आणि पहिला तर कुणीही सांगेल: मोकळे केस. मी घरी तसं बोललो. ताईने जेवता जेवता हात थांबवला.

"मोकळे केस लिहिलंस," ती घरात थेट माझ्याशी बोलली, महिन्याभरात पहिल्यांदा, "आणि त्या बाईने टॅग सोडून कचऱ्यात टाकला, तर बघ."

म्हणून यंदा वसंत ऋतूला पुढील आदेशापर्यंत मुदतवाढ देण्यात येत आहे. आमच्या पानावर तसं छापलं आहे आणि वाचकांनी ते मानलं आहे. बाहेर ऊन फार असलं तरी केस बांधलेलेच आहेत, आणि आता टॅगबरोबर फायलीही पाठीवर आहेत.

तुमचाही एखादा अर्ज कुठेतरी अडकला असेल. खिडकीतला माणूस "फाईल सापडत नाही" म्हणत असेल आणि तुम्ही त्याला मनातून शिव्या घालत असाल. खिडकीकडे बघू नका. रांगेत तुमच्या पुढे उभ्या असलेल्या बाईच्या पाठीकडे बघा. वरच्याच पानावर तुमचं नाव आहे, खाली तुमचीच सही आहे. तुम्ही तिच्या खांद्यावर हळूच टिचकी माराल, ती वळेल, आणि तुम्ही काय विचाराल हे मला माहीत आहे, कारण पान मीच लिहितो.

तुम्ही विचाराल, "कुठून घेतलंत हो?"