इंगोले बाबूंचा वालटर

मंगरूळपीरच्या पंचायत समितीत टपाल नोंदवणाऱ्या इंगोले बाबूंना काहीही सांगा, बोलणं वालटरवरच जायचं. बस चुकली, वालटर. बैल लंगडला, वालटर. एकदा टपाल तुंबलं म्हणून साहेबांनी झापलं, तर बाबू शांतपणे म्हणाले, "सायेब, पयल्या साली वालटरलेही संघातून काढलं होतं. मंग काय झालं, दुनियेनं पाह्यलं."

दुनियेनं पाहिलं असेल, मंगरूळपिरात कुणी पाहिलं नव्हतं. वालटर म्हणजे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी अमेरिकेत गाजलेला बास्केटबॉलवाला. कचेरीत फुकट येणाऱ्या एका मासिकात तो बाबूंना सापडला आणि बाबूंनी त्याला घरी नेलं. आमच्याकडे या खेळाचा चेंडूही कुणी पाहिला नव्हता. बाबू स्वतः पाच फूट एक इंच. पण दारातल्या कडुलिंबाला बूड काढलेली टोपली टांगून, "इथवर वालटरचा हात उभ्याउभ्या पुरे," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. लोक पलीकडच्या गल्लीनं जाऊ लागले.

मी शेजारी, त्यात हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर. मला पळायला गल्ली नव्हती. रोज संध्याकाळी ओट्यावर वालटरचं चरित्र चाले. "बाप कास्तकार. पोट्टं सहा फूट अकरा इंच! वर्गातले त्याले ताड म्हनत. लाजून वाकून चाले. शाळा सोडली अन गोठ्यात जाऊन बसला." मग कुणी एक मास्तर गोठ्यात येई, वालटरला दोरीवरच्या उड्या शिकवी, वालटर पाच वेळा अजिंक्य होई, एकदा तर मोडक्या पायानं खेळे. दुसऱ्या दिवशी गोष्ट पहिल्यापासून, स्वारी पुन्हा गोठ्यात. अमेरिकेतही आमच्यासारखी पऱ्हाटीच, म्हणजे कपाशीच, पिकते आणि भाकरीवर ठेचाच खातात, हे मला बाबूंकडूनच कळलं.

घरात दोघंच, बाबू आणि मुलगी कमल. कमलची आई दोन वर्षांपूर्वी वारली. सोळाव्या वर्षी कमल बापापेक्षा वीतभर उंच झाली होती. माझ्याच वर्गात पोरं तिला विजेचा खांब म्हणत. ती खांदे पाडून चालायला लागली आणि दिवाळीनंतर शाळेत यायचीच बंद झाली. ऐन मॅट्रिकचं वर्ष, फॉर्म भरायला सोमवार शेवटचा. तिच्या नावापुढे गैरहजेरी मांडण्यापलीकडे मी काही केलं नव्हतं. उलट पोरगी घरी बसली तरी बापाला अमेरिका सुटत नाही, म्हणून गावभर बाबूंची टिंगल करत होतो.

त्या शनिवारी बाबूंनी फोटो दाखवायला ते मासिक माझ्या हातात दिलं. मी पहिल्यांदाच ते वाचलं. फोटोखाली चार ओळी. नाव, उंची, पाच अजिंक्यपदं, मोडलेला पाय, आता विमा विकतो. संपलं.

"बाबू, यात गोठा कुठे आहे?" चोर पकडल्याच्या आनंदात मी ओरडलो.

बाबूंनी माझं मनगट धरलं आणि दाराकडे पाहिलं. आत कमल भाकरी थापत होती.

"हळू बोला ना सर," ते कुजबुजले. "तिची माय असती तं बोलली असती. मले पोरीशी बोलता येत नाही. म्हून वट्यावरून सांगून राह्यलो. वालटर अजून गोठ्यातून भाईर निंगाला नाही."

मला माझीच लाज वाटली. इतके दिवस मी समजत होतो, गोष्ट माझ्यासाठी चालली आहे. मी घसा खाकरला आणि वर्गात लावतो तो आवाज लावला.

"मग बाबू, तो परत शाळेत गेला की नाही?"

बाबू दाराकडे वळले. आत भाकरीचा आवाज थांबला.

"सोमवारी जाईन तो, सर," आतून कमल म्हणाली. "पन पोट्टे हासले, तं मास्तरानं खाली मान घालून हजेरी घेत बसू नये."

"नाही बसणार," मी म्हणालो.