फ्रिजवर राहिलेला अनुभव

"महिन्याभरात इंग्रजी कोळून पितो की नाही बघ!" गोदामबाबूंनी बायकोसमोर छाती फुगवून जाहीर केलं. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात त्यांनी वीस वर्षं गोदाम सांभाळलं होतं. आता सुपरवायझरची जागा रिकामी झाली होती, पण परदेशी गिऱ्हाइकं येणार म्हणून मुलाखत इंग्रजीत! ही संधी हुकली तर निवृत्तीपर्यंत खोकीच मोजायची.

गोदामात जशी प्रत्येक मालावर चिठ्ठी, तशाच चिठ्ठ्या त्यांनी घरभर डकवल्या. दारावर 'मे आय कम इन, सर?', खुर्चीवर 'थँक यू, सर!', फ्रिजवर 'आय हॅव ट्वेंटी इयर्स एक्स्पीरियन्स', नळावर 'आय कॅन हँडल एनी प्रॉब्लेम'.

"अहो, भाजी काढायला गेलं की तुमचा अनुभव माझ्या हाताला चिकटतो!" बायको करवादली.

"तू फक्त त्या ओल्या करू नकोस. तुला त्यातलं काय कळणार!"

ती नळाकडे वळली. भांडी घासताना नुसती पुटपुटत राहिली. आपल्यालाच शिव्या देत असेल, म्हणून बाबूंनी कानाडोळा केला.

मुलाखतीच्या दिवशी केबिनचं दार दिसलं आणि वाक्य आपोआप बाहेर पडलं. खुर्ची दिसली, "थँक यू, सर!" साहेब खूश. बाबूंना वाटलं, जिंकली लढाई!

मग साहेबांनी अनुभव विचारला, आणि बाबूंच्या तोंडचं पाणीच पळालं. उत्तर फ्रिजवर होतं हो! केबिनमध्ये फ्रिज कुठला? कोपऱ्यात एक लोखंडी कपाट तेवढं होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणून बाबू उठले, कपाटासमोर उभे राहिले, शेवटी उघडूनही पाहिलं. आत फायली.

"काय शोधताय?" साहेबांनी इंग्रजी सोडून दिलं.

"अनुभव, साहेब."

आता पळालेलं बरं, म्हणून ते दाराकडे वळले. दार दिसलं मात्र, तोंडातून निघालंच, "मे आय कम इन, सर?"

"तुम्ही आतच आहात," साहेब म्हणाले.

संध्याकाळी बाबू पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. वीस वर्षं पाण्यात गेली! तेवढ्यात फोन वाजला. बायकोनं उचलला आणि पलीकडचं ऐकून, फ्रिजकडे ढुंकूनही न बघता, ती खडाखडा बोलली, "येस सर! माय हजबंड हॅज ट्वेंटी इयर्स एक्स्पीरियन्स. ही कॅन हँडल एनी प्रॉब्लेम!"

बाबू ताडकन उठून बसले. तिनं फोन त्यांच्या हातात दिला.

"जागा दुसऱ्याला दिली," साहेब म्हणाले. "सहा महिन्यांनी आणखी एक निघेल. पण तुमच्या मिसेसचं इंग्रजी झकास आहे हो! कुणी शिकवलं?"

"मीच, साहेब," बाबू कसेबसे म्हणाले.

मग साहेब म्हणाले, "आता त्यांच्याकडेच शिकवणी लावा."

बायकोनं तोवर घरातल्या सगळ्या चिठ्ठ्या सोलून काढल्या होत्या. खोलीच्या मधोमध तिनं खुर्ची ठेवली. "या, बसा. समोर मोकळी भिंत आहे. आता बघू काय आठवतं ते."

बाबूंनी खुर्चीकडे पाहिलं आणि मान खाली घालून ते म्हणाले, "थँक यू, सर!"