नोटिशीच्या तळाची ओळ

"कायद्याला घाबरायचं ते अशिलांनी! वकील कशाला घाबरेल?" असं म्हणत वकीलसाहेबांनी बाह्या सरसावल्या.

प्रकरण मोठं होतं. एका सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकीणबाई त्यांच्याकडे आल्या होत्या. पत्रं, करारनामे लिहायचा त्यांचा प्रोग्राम कुणी एक दुकानदार चोरट्या किल्ल्या देऊन खुशाल वाटत सुटला होता. किल्ली म्हणजे प्रोग्राम चालू करणारी अक्षरं-आकड्यांची रांग. दुकानदाराला दणदणीत नोटीस द्यायची होती. इतकं बडं अशील साहेबांच्या पायरीवर पहिल्यांदाच चढलं होतं!

साहेब नोटीस लिहायला बसले, आणि पडद्यावर आलं, 'परवान्याची मुदत संपली आहे.' प्रोग्राम मालकीणबाईंचाच!

"अहो, मग त्यांच्याकडेच मागा ना किल्ली," शेजारच्या टेबलावरून बायको म्हणाली. ऑफिसचं टपाल तीच बघायची.

"अशिलापुढे हात पसरू? इभ्रत काय राहील माझी?"

इभ्रत राखण्यासाठी साहेबांनी इंटरनेटवरून किल्ल्या बनवणारा एक प्रोग्राम उतरवून घेतला. 'आधी अँटिव्हायरस बंद करा,' त्यानं बजावलं. चोरानं दार वाजवून पहारेकऱ्याला रजेवर पाठवायला सांगावं, तसंच ते! साहेबांनी निमूटपणे पाठवला.

बटण दाबलं मात्र, स्पीकरमधून ढँ-ढँ-पीं-पीं असं कर्कश संगीत उसळलं! आवाज कमी होईना, पडद्यावरची खिडकी बंद होईना. नेमका त्याच वेळी मालकीणबाईंचा फोन.

"वकीलसाहेब, तुम्ही सर्कशीत आहात का?"

"छे छे! तुमच्याच कामात आहे!" साहेब ओरडले आणि त्यांनी स्पीकरची वायर उपटली.

पण किल्ली लागली! साहेबांनी झोकात नोटीस लिहिली. 'चोरीचा माल वापरणाराही चोरच,' हे वाक्य तर त्यांनी ठळक केलं.

"अहो, प्रत्येक पानाच्या तळाला काहीतरी बारीक छापून आलंय," बायको म्हणाली.

"पान नंबर असेल. पाठव!"

पुढच्या आठवड्यात तडजोडीसाठी सगळे साहेबांच्या ऑफिसात जमले. दुकानदार नोटीस घेऊनच आला होता, आणि चेहरा असा खुललेला, जणू लग्नाचं आमंत्रणच मिळालंय!

"साहेब, नोटीस झकास आहे. फक्त तळाची ओळ जरा मोठ्यानं वाचता?"

साहेबांनी चष्मा पुसला, वाचलं, पुन्हा पुसला. शेवटी मालकीणबाईंनीच कागद ओढून घेतला.

"'किल्लीवाले आणि मंडळी यांच्या कृपेने चालू.'"

"आमचीच मंडळी!" दुकानदार लाजत म्हणाला. "आमची किल्ली वापरली की पानापानावर छापून येतं. तेवढीच जाहिरात!"

मालकीणबाई उठल्या. "वकीलसाहेब, मी दुसरा वकील बघते. आता नोटिसा दोन द्याव्या लागतील."

दार धाडकन आपटलं. साहेब खुर्चीत विरघळले. दुकानदाराला खरंच वाईट वाटलं. तो पुढे झुकला.

"घाबरू नका हो साहेब. असल्या प्रकरणात माझा वकील एकदम पक्का आहे. नंबर देऊ?"

साहेब "निघा इथून!" असं ओरडणारच होते, पण तोवर बायकोनं पेन उघडलं होतं.

"हं, सांगा."