आभार काही थांबेनात

गुणवंतरावांची खिडकी काही केल्या दिसेना. सकाळचा चहा पिऊन ते लॅपटॉपसमोर बसले होते. तो चहा कधीच जिरला, दुसरा आला, त्याच्यावर साय धरली, तरी पडद्यावर खिडकीचा पत्ता नाही. प्रोग्राम चालायचा, चूक म्हणून एक दाखवायचा नाही, आणि गुपचूप संपून जायचा. उभी नोकरी नागभीड स्टेशनात तिकीट खिडकीच्या आत बसून काढलेल्या माणसाने निवृत्तीनंतर पुन्हा खिडकीसाठीच तळमळावं, हे त्यांच्या बायकोला, रुखमाबाईंना, मुळीच पटत नव्हतं.

"अवो, घराले काय खिडक्या कमी आहेत का?" तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या.

"ही तशी खिडकी नाई वो. कॉम्प्युटरची आहे. सी भाषेत करून राह्यलो."

"मंग ते भाषेले सांगा ना, चहा थंडा होऊन राह्यला म्हणून."

शेवटी त्यांनी नागपूरला मुलीला फोन लावला. दिव्यानी इंजिनिअरिंगला होती. जुना लॅपटॉप आणि सी भाषेचं जाडजूड पुस्तक ती घरी टाकून गेली होती, आणि रिकाम्या वेळाचं काय करावं ते न सुचलेल्या बापाने ते पुस्तक पोथीसारखं पहिल्या पानापासून वाचायला घेतलं होतं. खिडक्या कशा करायच्या याचे धडे मग तिनेच मोबाईलवर पाठवले. आता ती पस्तावत होती.

"बाबा, खिडकी तयार केली ते बरोबर आहे. पण दाखव म्हणून लिहिलं का?"

"तयार केली तर आपोआप दिसाले नाई पायजे का?"

"नाई दिसत. दाखव असं वेगळं लिहा लागते. अन् खाली मेन लूप चालू केला का?"

"ते काय असते आता?"

"खिडकी उघडून बसून राहा, कोणी बटन दाबते का पाहत राहा, असं सांगा लागते त्याले. नाई सांगितलं तर प्रोग्राम घरी निघून जाते."

हे मात्र गुणवंतरावांना लगेच पटलं. खिडकी उघडून बसून राहणं, दुसरं त्यांनी जन्मभर केलं काय होतं! त्यांनी दोन ओळी घातल्या आणि पडद्याच्या मधोमध एक राखाडी चौकोन अवतरला. ते रुखमाबाईंना हाताला धरून घेऊन आले.

"पाहा!"

"यात तर काईच नाई."

"येईल ना वो आता!"

हा सगळा खटाटोप आभारप्रदर्शनासाठी चालला होता. त्यांच्या सावरटोल्यात नवी अभ्यासिका बांधून झाली होती. पोलीस भरतीची, वनरक्षक भरतीची तयारी करणारी गावातली पोरंपोरी तिथे बसणार होती. गेल्या साली तिच्या भूमिपूजनाला आभार मानायचं काम गुणवंतरावांकडे आलं होतं. त्यांनी पाहुण्यांचे आभार मानले, मंडपवाल्याचे मानले, लाइट गेली नाही म्हणून लाइटीचे मानले, पाऊस आला नाही म्हणून वरुणराजाचेही मानले. राहिले ते एकटे मुखरूजी गुरनुले. आणि अभ्यासिकेला जायची वाट जाते ती नेमकी मुखरूजींच्या बांधीतून! धानाच्या शेतातला चांगला पट्टाच्या पट्टा या माणसाने गावाला असाच देऊन टाकला होता.

दुसऱ्या दिवशी त्या वाटेवर बाभळीच्या काट्या आडव्या पडल्या. पुढे त्या निघाल्या, पण मुखरूजींनी चारचौघांत बजावून ठेवलं होतं, "उद्घाटनाले पाहतो आता. पुन्हा विसरले, तर काट्या नाई, तारेचं कंपाउंडच मारतो. पोरं उडत जातीन मंग अभ्यासाले."

आणि सरपंच नीलिमाताईंनी आभाराचं काम पुन्हा गुणवंतरावांच्याच गळ्यात घातलं. "तुमीच बिघडवलं भाऊ, तुमीच सुधरवा," म्हणाल्या.

गुणवंतरावांची झोप उडाली. आपण पुन्हा चुकलो आणि पोरांची वाट बंद झाली, तर गावात तोंड कुठे दाखवायचं? आयत्या वेळी माणसाचं डोकं दगा देतं, यंत्र देत नाही, अशी त्यांची श्रद्धा. म्हणून त्यांनी ठरवलं, की नावं आधीच यंत्रात भरायची आणि ती एकामागून एक शाळेच्या मोठ्या टीव्हीवर आपोआप येऊ द्यायची. नाव आलं की टिंग वाजायचं, तेवढ्यात लोकांनी टाळ्या वाजवायच्या, की पुढचं नाव. मुखरूजींचं नाव त्यांनी सगळ्यांत पहिलं घातलं. पुढे लाइट जावो की टीव्ही जळो, पहिलं नाव तर येऊन जाईल!

एकदा रुखमाबाईंनी कीबोर्ड पुसला आणि चालती खिडकी बंद पडली. तेव्हा गुणवंतरावांनी दिव्यानीकडून आणखी एक युक्ती शिकून घेतली. खिडकीच्या कोपऱ्यातली फुली कोणी दाबलीच, तर खिडकीने सरळ नकार द्यायचा. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी सगळं कसं टापटीप दिसावं म्हणून त्यांनी कितवं नाव आलं ते मोजणारा आकडा वरून उचलला आणि नाव दाखवणाऱ्या फंक्शनच्या, म्हणजे ओळींच्या एका गठ्ठ्याच्या, आत नेऊन ठेवला. प्रोग्राम चालवून पाहिला. टिंग वाजलं, मुखरूजींचं नाव झळकलं. गुणवंतरावांना इतकं भरून आलं, की पुढची नावं पाहायची त्यांना गरजच वाटली नाही. लॅपटॉप तसाच बंद करून ते कपडे करायला गेले.

मंडप गच्च भरला होता. नारळांचं पोतं घेऊन रोशन टीव्हीजवळ उभा होता. हा पोलीस भरतीच्या तयारीला लागलेला तरुण. हुकूम मिळाला की तंतोतंत पाळायची त्याने आतापासूनच सवय लावून घेतली होती.

"टीव्हीवर ज्याचं नाव येईल त्याले नारळ द्याचा," गुणवंतरावांनी त्याला सांगितलं. "आपलं डोकं चालवाचं नाई."

"नाई चालवत जी."

भाषणं झाली, फीत कापून झाली. गुणवंतरावांनी प्रोग्राम चालू केला. टिंग! "श्री. मुखरूजी गुरनुले यांचे मनःपूर्वक आभार." टाळ्यांचा कडकडाट झाला. रोशनने कडक पावलं टाकत जाऊन नारळ दिला. पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसलेल्या मुखरूजींची घडी सुटली, कपाळावरच्या आठ्याही सुटल्या. गुणवंतरावांनी मनातल्या मनात देवाचे, दिव्यानीचे आणि सी भाषेचे आभार मानले.

टिंग! "श्री. मुखरूजी गुरनुले यांचे मनःपूर्वक आभार."

"मोठ्या मनाचा माणूस आहे, दोनदा पायजेच," नीलिमाताई म्हणाल्या. लोकांनी पुन्हा टाळ्या दिल्या, रोशनने पुन्हा नारळ दिला.

टिंग! पुन्हा मुखरूजी. पुन्हा नारळ. गुणवंतराव धावत लॅपटॉपकडे गेले. त्यांनी फुली दाबली. खिडकीने, शिकवल्याप्रमाणे, बाणेदार नकार दिला. मंडपाच्या खांबाआड तोंड घालून त्यांनी फोन लावला.

"दिव्यानी, मुखरूजीवरच अटकलं वो बाई!"

"आकडा मोजणारं व्हेरिएबल कुठी लिहिलं बाबा?"

"फंक्शनच्या आत. टापटीप दिसते म्हणून."

"अन् त्याच्याआधी स्टॅटिक लिहिलं का?"

"ते काय असते आता?"

"अवो बाबा! आतलं व्हेरिएबल दर वेळी नव्यानं जन्म घेते. मांगचं त्याले काईच आठवत नाई. त्याले वाटते, कार्यक्रम आताच सुरू झाला. पहिलं नाव दाखवते अन् मरून जाते. स्टॅटिक म्हटलं की लक्षात ठेवते ते."

"मंग आता काय करू?"

"बंद करा."

"बंद होत नाई! तूच शिकवलं ना, बंद नाई होऊ द्याचं म्हणून!"

इकडे कोणाला तरी गुणवंतरावांची दया आली. लटारू ट्रॅक्टरवाला उठला आणि त्याने टीव्हीची वायर खेचली. पडदा काळा झाला. मुखरूजी ताडकन उभे राहिले.

"माहं नाव आलं की वायर काढता? काऊन? कोनं काढली वायर?"

लटारूने घाबरून वायर परत खोचली. लॅपटॉप तर चालूच होता. टिंग! "श्री. मुखरूजी गुरनुले..." रोशन पोत्यात हात घालून निघाला.

"अरे थांब ना बाबू!" गुणवंतराव दबक्या आवाजात ओरडले.

"तुमीच म्हटलं जी, डोकं चालवाचं नाई!"

मुखरूजींच्या मांडीवर नारळ मावेनात. खांद्यावरच्या दुपट्ट्याची झोळी भरली, खुर्चीखाली रास लागली. पाहुण्यांचे हात रिकामे आणि मुखरूजींचं दुकान मांडलेलं! मागच्या रांगेतून कुजबुज सुरू झाली. "आमी काय तमाशा पाहाले आलो का?" "वाट देल्ली म्हणून गावच लिहून द्याचं का त्याच्या नावानं?" आता टाळ्या कोणी वाजवत नव्हतं, फक्त टिंग वाजत होतं, आणि कोणी तरी फिसकन हसलं. मुखरूजींचा चेहरा लालबुंद झाला. ते उठले. गुणवंतरावांच्या डोळ्यांसमोर सिमेंटचे खांब उभे राहिले, त्यांच्यावर तारा ताणल्या गेल्या आणि पलीकडे पुस्तकं घेऊन पोरं खोळंबली. संपलं सगळं, असं त्यांना वाटलं.

मुखरूजींनी येऊन माइक हातात घेतला.

"हे एवढे नारळ मी एकटा खाऊ का?" ते म्हणाले. "अन् मी केलं काय? वाट देल्ली. वाटेवर अभ्यासिका काय आपोआप उगवली? ये गा लटारू, इकडं ये. वायर काढली त्याच्यासाठी नाई, चिखलातून रेती आणली त्याच्यासाठी हा घे. पत्रू मिस्त्री कुठी गेला? भर उन्हात स्लॅबवर पाणी मारे हा माणूस, घरी बायको बिमार असून. घे गा. मावशी, मजुरायले पाणी कोन पाजे? तूच ना वो? ये, लाजू नको."

असे एकेकाला हाका मारत, ज्याचं त्याचं काम सांगत मुखरूजी नारळ वाटत सुटले. पाहुण्यांनाही मिळाला, पोती वाहणाऱ्या पोरांनाही मिळाला. कितीतरी नावं अशी निघाली, जी गुणवंतरावांनी यंत्रात घातलीच नव्हती. मागे टीव्ही मुखरूजींचे आभार मानतच होता आणि आता दर टिंगला मंडप मनापासून टाळ्या वाजवत होता. शेवटचा नारळ मुखरूजींनी गुणवंतरावांच्या हातात ठेवला.

"अन् हा तुले गा. गेल्या साली मले विसरला, अन् औंदा विसरूनच नाई राह्यला!"

मंडप हसून लोटपोट झाला. गुणवंतरावांच्या डोळ्यांना धार लागली. आपल्या चुकीवर या माणसाने असं पांघरूण घालावं! 

संध्याकाळी त्यांनी 'स्टॅटिक' हा शब्द जागेवर बसवला. मुखरूजी आले, गेले, मागून पाहुणे आले, सरपंच आल्या, सगळी नावं शहाण्यासारखी ओळीने निघाली. रुखमाबाईंनी शेवटपर्यंत पाहिलं आणि "आता बरं झालं," असं त्या म्हणाल्या. गुणवंतराव समाधानाने झोपले.

सकाळी दारात मुखरूजी उभे. चेहरा पार उतरलेला.

"गुणवंतभाऊ, तुहा तो प्रोग्राम पायजे होता."

"घ्या ना जी! अन् आता एकदम दुरुस्त झाला."

"दुरुस्त?" मुखरूजी मटकन खाली बसले. "अरे बाप्पा! दुरुस्त काऊन केला? मले कालचा पायजे, बिघडलेला!"

"झालं काय पण?"

"कलाबाई बोलून नाई राह्यली. कालपासून एक शब्द नाई. आज चहा बी नाई देल्ला." बायकोचं नाव घेताना त्यांचा आवाज बारीक झाला. "साऱ्या गावाले नारळ वाटले मी. ते समोरच सतरंजीवर बसून होती. नारळ सरले तरी माह्या ध्यानात नाई आलं."

"अरेरे!"

"अन् खरं सांगू का? वाट द्याचं तिनंच म्हटलं होतं. मी तर नाईच म्हणत होतो. पोरी चिखलातून जातेत म्हणे, द्या म्हणे पट्टा. गेल्या साली काट्या मी टाकल्या. काढल्या कोनं? तिनंच. हाताले काटे टोचून घेतले."

गुणवंतरावांनी मनातल्या मनात यादी चाळली. यंत्रात एवढी नावं भरली, लाइटीचंही घातलं, वरुणराजाचंही घातलं, आणि कलाबाईंचं कुठेच नव्हतं. स्टॅटिक लिहूनही ते आलं नसतं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

त्यांनी लॅपटॉप उघडला, मुखरूजींच्या नावाच्या जागी नवं नाव लिहिलं, आणि एवढ्या फजितीनंतर शिकलेला तो शब्द एका झटक्यात पुसून टाकला.

मुखरूजींच्या अंगणात बाजेवर लॅपटॉप मांडला. कलाबाई बैलांना तणीस टाकत होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

टिंग!

आता मात्र त्या वळल्या. हात लुगड्याला पुसत जवळ आल्या आणि अक्षर लावून लावून वाचू लागल्या. "सौ. कलाबाई मुखरूजी गुरनुले यांचे मनःपूर्वक आभार." वाचून झालं तरी त्या उभ्याच होत्या, पुढचं नाव कोणाचं येतं ते पाहायला.

टिंग! पुन्हा कलाबाई. टिंग! पुन्हा कलाबाई. मुखरूजी खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होते.

"याच्यात दुसऱ्या कोणाचं नाव येत नाई का?" कलाबाईंनी विचारलं.

"नाई वो बाई," गुणवंतराव म्हणाले. "बिघडलं आहे."

कलाबाईंनी पडद्याकडे पाहिलं. मग कालपासून पहिल्यांदा नवऱ्याकडे पाहिलं.

"मंग राहू द्या तसंच," त्या म्हणाल्या. "दुरुस्त गिरुस्त करू नका."

आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या. थोड्या वेळाने चहा आला. मुखरूजींनाही आला.